पाण्यावरची तारीख

समुद्राचे पाणी पोहण्याजोगे आहे की नाही, हे आपल्याकडे डोळे ठरवतात. गढूळ दिसले की घाण, निळे दिसले की स्वच्छ. ही कसोटी फसवी आहे. आपल्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीबरोबर गाळ ढवळला जातो, म्हणून पाणी मातकट दिसते. तेवढ्याने ते रोगट ठरत नाही. उलट, नितळ पाण्यात आदल्या रात्रीच्या नाल्याचा सारा ऐवज जमा असू शकतो.

खरी कसोटी प्रयोगशाळेत लागते. पर्यावरण (संरक्षण) नियमांत किनाऱ्याच्या पाण्याचे पाच वर्ग आहेत. पोहण्याचे पाणी दुसऱ्या वर्गात येते. त्यात १०० मिलिलिटरमागे विष्ठेतले कॉलिफॉर्म जिवाणू १०० पर्यंत असावेत, असा दंडक आहे. हे जिवाणू बहुतेक निरुपद्रवी असतात. पण ते जिथे पोचले तिथे मैलापाणी पोचले, आणि मैलापाण्याबरोबर कावीळ-हगवणीचे जंतूही येऊ शकतात. ब्रिटनमध्ये १९८९ ते १९९२ या काळात संशोधकांनी स्वयंसेवकांना समुद्रात डोके बुडवायला लावून किनाऱ्यावर राहिलेल्यांशी त्यांची तुलना केली. पाण्यात विष्ठेतले जिवाणू एका मर्यादेपलीकडे वाढले, तसे पोटाचे विकार वाढलेले दिसले. लहान मुले तर पोहताना मोठ्यांपेक्षा जास्त पाणी गिळतात.

मुंबईत जुहू, दादर, गिरगाव चौपाटी येथील पाणी प्रदूषण नियंत्रण मंडळ तपासते. आकडे प्रसिद्धही होतात. मग अडते कुठे? बँकेच्या नोकरीने मला एक सवय लावली: आकड्याआधी तारीख पाहायची. पासबुकातली शिल्लक शेवटच्या नोंदीच्या दिवसाची असते. नंतर वटलेल्या धनादेशांबद्दल ती काही सांगत नाही. पाण्याचेही तसेच. जिवाणू वाढवून मोजायला एक ते तीन दिवस लागतात. अहवाल हाती येईपर्यंत ते पाणी वाहून गेलेले असते, आणि मधे एक जोराची सर आली तर सगळा हिशेबच बदलतो.

म्हणून आकड्याइतकीच साधी समज महत्त्वाची. मोठ्या पावसानंतर निदान दोन दिवस पाण्यात जाऊ नये. नाल्याच्या किंवा खाडीच्या मुखाजवळ, विशेषतः ओहोटीला, उतरू नये. जखम असेल तर किनाऱ्यावरच बसावे. लाल बावटा लाटांचा धोका सांगतो, मैल्याचा नाही.

आता भाद्रपद आठवा. पाऊस चालू, नाले भरून वाहताहेत, आणि त्याच दिवसांत लाखो माणसे गणपती घेऊन कमरेइतक्या पाण्यात उतरतात. पाकट आणि जेलीफिशपासून जपा, असे महापालिका तेव्हा आवर्जून सांगते. ते योग्यच आहे. पण पाण्यात काय मिसळले आहे, हेही तितक्याच मोठ्याने सांगायला काय हरकत आहे?

यावर उत्तर ठरलेले असते: लोक घाबरतील, किनाऱ्यावरच्या भेळवाल्याचा धंदा बसेल. ताळेबंद छापला तर ठेवीदार पळतील, असे म्हणण्यासारखेच हे झाले. बँकांना तो वर्तमानपत्रात छापावाच लागतो, आणि विश्वास टिकतो तो त्यामुळेच. इंग्लंडमध्ये पोहण्याच्या अधिकृत किनाऱ्यांवर पाण्याची प्रत सांगणारी पाटी लावणे कायद्याने बंधनकारक आहे. तिथेही मैलापाणी समुद्रात सुटतेच; पण भांडणाऱ्या नागरिकाच्या हाती निदान कागद असतो.

आपल्या मागणीला मोठा खर्च नाही. तपासणी होतेच आहे. प्रत्येक चौपाटीवर मराठीत एक फलक हवा: मर्यादा किती, मोजमाप किती, नमुना कोणत्या तारखेचा. पावसाळ्यात त्याखाली आणखी एक ओळ, ‘दोन दिवस पाण्यात उतरू नका’. वर्तमानपत्रे भरती-ओहोटीच्या वेळा छापतात, त्यांच्या शेजारी हाही आकडा मावेल. समुद्र स्वच्छ करायला पिढ्या लागतील, हे मान्य. पण तोवर नातवाला पाण्यात सोडायचे की नाही, हे आजोबांनी रंगावरून का ठरवावे?