टिपण की टीपकागद?

मराठीत ‘टिपणे’ हे एकच क्रियापद दोन अगदी वेगळ्या कृतींसाठी वापरले जाते. पाखरू दाणे टिपते आणि टीपकागद शाई टिपतो. पाखराला खड्यांतून दाणा निवडावा लागतो. टीपकागदाला निवड ठाऊक नसते. जे ओले असेल ते तो शोषून घेतो आणि त्याच्यावर जे उमटते ते उलटे उमटते. साहित्याच्या वर्गात बसलेले आपले विद्यार्थी यांपैकी कोणत्या अर्थाने टिपत असतात, हा प्रश्न वरवर पाहता अभ्यासकौशल्याचा वाटतो. माझ्या मते तो साहित्याच्या अध्यापनाच्या मुळाशी जाणारा आहे.

आपल्या महाविद्यालयीन बोलीतच याचे उत्तर दडलेले आहे. ‘नोट्स काढणे’ हा शब्दप्रयोग मागे पडत चालला असून ‘नोट्स देणे’ आणि ‘नोट्स मिळणे’ हे प्रयोग रुळले आहेत. टिपण ही आता एका हातातून दुसऱ्या हातात जाणारी वस्तू झाली आहे. पूर्वी ती प्राध्यापकांच्या तोंडून सांगितली जाई, मग झेरॉक्सच्या दुकानात मिळू लागली, पुढे पीडीएफ होऊन व्हॉट्सॲपच्या गटात आली आणि आता संगणकाला सांगितले की क्षणात तयार होते. माध्यम बदलत गेले. विद्यार्थ्याचा सहभाग मात्र प्रत्येक टप्प्यावर कमी होत गेला.

टिपणाच्या पद्धतींची चर्चा निघाली की कॉर्नेल पद्धतीचे नाव हमखास येते. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात शिकवणाऱ्या वॉल्टर पॉक यांनी ती १९५० च्या दशकात मांडली आणि १९६२ साली निघालेल्या त्यांच्या ‘हाऊ टु स्टडी इन कॉलेज’ या पुस्तकामुळे ती सर्वत्र पोचली. पानाच्या उजवीकडे रुंद रकाना व्याख्यानातील मुद्द्यांसाठी, डावीकडे अरुंद रकाना नंतर सुचणाऱ्या प्रश्नांसाठी आणि खुणेच्या शब्दांसाठी, तळाशी स्वतःच्या शब्दांतला सारांश, अशी तिची रचना आहे. दुसरी पद्धत मुद्दे आणि उपमुद्दे यांच्या उतरंडीची. तिसरी टोनी बुझान यांनी १९७० च्या दशकात लोकप्रिय केलेल्या मनोनकाशाची: मध्यभागी विषय आणि त्याला फुटलेल्या शाखा. वाङ्मयेतिहासाच्या पेपरला उतरंड चांगली उपयोगी पडते. एखाद्या कादंबरीतील पात्रांचे परस्परसंबंध मनोनकाशात छान मांडता येतात. साहित्यसिद्धान्ताच्या व्याख्यानाला कॉर्नेलची चौकट सोयीची आहे.

परंतु या तिन्ही पद्धतींत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. ती म्हणजे, ऐकलेल्या किंवा वाचलेल्या मजकुराचा आशय त्याच्या शब्दांपासून वेगळा काढता येतो. अर्थशास्त्रात हे बऱ्याच अंशी खरे असेल. कवितेच्या बाबतीत ते खरे नाही. बालकवींची ‘औदुंबर’ ही आठ ओळींची कविता घ्या. तिचे प्रचलित टिपण ‘निसर्गवर्णनातून उदासीनतेची अभिव्यक्ती’ असे एका ओळीत संपते. हे टिपण चूक नाही, पण ते कविता न वाचताही लिहिता येते. याउलट एखाद्या विद्यार्थिनीने कवितेतील रंग क्रमाने लिहून काढले, निळा, हिरवा, पांढरा आणि शेवटी काळा, आणि समोर ‘रंग कुठे बदलला? झाड नेमके तिथेच का बसले आहे?’ असे दोन प्रश्न टाकले, तर तिच्या हाती निष्कर्ष लागलेला नसला तरी वाचन सुरू झालेले आहे. साहित्याच्या टिपणात मूळ शब्द आणि आपला प्रश्न ही दोन्ही हवीत, आणि ती एकमेकांत मिसळता कामा नयेत.

ही शिस्त आपल्याला परकी नाही. एम.ए.च्या अभ्यासक्रमात आपण जे महानुभाव वाङ्मय शिकवतो, त्याकडे या दृष्टीने पाहावे. चक्रधरस्वामींच्या पश्चात म्हाइंभटांनी त्यांच्या सहवासातील माणसांना गाठून, विचारून लीळा संकलित केल्या. केशिराजबासांनी त्यांतून स्वामींची वचने निवडून ‘सूत्रपाठ’ सिद्ध केला. त्यांच्याच ‘दृष्टांतपाठा’ची रचना तर एखाद्या आखीव वहीसारखी आहे: आधी सूत्र, मग दृष्टांत, मग दार्ष्टान्तिक. सूत्र आणि दृष्टांत स्वामींचे; दार्ष्टान्तिक, म्हणजे त्या दृष्टांताचा लावलेला अर्थ, केशिराजांचा. गुरूचे शब्द कुठे संपले आणि शिष्याचे कुठे सुरू झाले, याविषयी वाचकाच्या मनात संदेह राहत नाही. लीळाचरित्राच्या पोथ्यांत पाठभेद ‘वासना’ या नावाने नोंदवलेले आढळतात. या साऱ्यामागे भक्ती होती हे खरेच. पण त्या भक्तीने नोंदीचा काटेकोरपणा सैल केला नाही, उलट तो वाढवला. आपले विद्यार्थी या ग्रंथांवर ‘दिलेल्या’ नोट्स पाठ करून उत्तरे लिहितात, यातली विसंगती आपल्याला जाणवायला हवी.

अलीकडचे उदाहरण पुण्यातच आहे. डेक्कन कॉलेजमध्ये डॉ. सु. मं. कत्रे यांच्या पुढाकाराने १९४८ साली संस्कृतच्या बृहत्कोशाचे काम सुरू झाले. सुमारे १,५०० ग्रंथ वाचून त्यांतील शब्दांच्या जवळजवळ १ कोटी चिठ्ठ्या तयार करण्यात आल्या आणि कोशाचा पहिला खंड १९७६ साली बाहेर पडला. प्रत्येक चिठ्ठीमागे एका अभ्यासकाचा एक निर्णय आहे: हा शब्द, या वाक्यात, या ग्रंथात, या ठिकाणी. संदर्भाविना शब्द नोंदला असता तर त्या कोटभर चिठ्ठ्यांची रद्दी झाली असती. पृष्ठक्रमांक न लिहिता अवतरण उतरवून घेणाऱ्या विद्यार्थ्याला हे एकदा दाखवावे.

लॅपटॉप की वही, या वादाने मूळ मुद्द्यावर पडदा पडतो असे मला वाटते. २०१४ साली अमेरिकेतील म्यूलर आणि ओपनहायमर या संशोधकांचा निबंध गाजला. लॅपटॉपवर लिहिणारे विद्यार्थी व्याख्यान शब्दशः उतरवतात आणि म्हणून त्यांचे आकलन उणे पडते, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे २०१९ साली इतरांनी तसाच प्रयोग पुन्हा केला तेव्हा दोन साधनांतला फरक तितका स्पष्ट दिसला नाही. मला त्यातून एवढेच घ्यावेसे वाटते की साधन कोणतेही असो, शब्दशः उतरवणे ही खरी अडचण आहे. आणि शब्दशः उतरवायला आपले वर्ग शिकवतात तितके कोणताही लॅपटॉप शिकवत नसेल.

यावर माझे सहकारी एक आक्षेप घेतात आणि तो हलका नाही. आपल्या वर्गातील कित्येक मुले घरातली पहिलीच शिकणारी पिढी आहेत. गावी ग्रंथालय नाही, मूळ पुस्तक विकत घेणे परवडत नाही, सत्रपरीक्षा डोक्यावर असते. अशा मुलांना तयार नोट्स न देणे हा अन्याय नव्हे काय? मला वाटते, अन्याय उलट बाजूने होतो. सुस्थित घरातल्या मुलाला स्वतःचे मत मांडायला वर्गाबाहेरही जागा मिळते. ज्याला ती मिळत नाही, त्याच्यासाठी वहीचे पान ही पहिली जागा असू शकते. तेच आपण सांगितलेल्या वाक्यांनी भरून टाकले, तर पाच वर्षे साहित्य शिकूनही त्याच्या नावावर स्वतःचे एक वाक्य जमा होत नाही. मग तो संशोधनाला येतो आणि आपण त्याच्यावर वाङ्मयचौर्याचा ठपका ठेवतो. दुसऱ्याचे वाक्य आणि आपले वाक्य यांत रेघ कुठे मारायची, हे त्याला कोणी आणि कधी शिकवले?

उपाय मोठे नाहीत. मूळ संहितेच्या प्रती वाटाव्यात, नोट्सच्या नव्हेत. छायाप्रतींचा खर्च तेवढाच येतो. पानाचे तीन भाग करायला सांगावेत: संहितेतील शब्द पृष्ठक्रमांकासह, शिक्षकांचे म्हणणे, आणि स्वतःचा प्रश्न. तासाची शेवटची दहा मिनिटे शिक्षकांनी गप्प राहावे आणि तिसरा भाग भरू द्यावा. अंतर्गत मूल्यमापनातील काही गुण या वहीला द्यावेत. तेही सुबकपणासाठी नव्हे, तर तिसऱ्या भागात काय आहे यासाठी. सुरुवातीचे काही आठवडे तो भाग कोराच राहील, किंवा तिथे दुसऱ्या भागातलीच वाक्ये फिरवून लिहिलेली आढळतील. त्या काळात नोट्स सांगण्याचा मोह आवरणे, हे काम विद्यार्थ्यांचे नाही, आपले आहे.