मानसिकता बदला म्हणजे नेमके काय करा?

आपल्या समाजात सध्या ‘मानसिकता बदला’ या विषयावरच्या भाषणांना तोटा नाही. दहावी-बारावीच्या गुणवंतांचा सत्कार असो, जमातीची बैठक असो की जुम्म्याचे बयान, गाडी शेवटी तिथेच येऊन थांबते. न्यूनगंड सोडा, स्वतःवर विश्वास ठेवा, मोठी स्वप्ने पाहा. सूरह रअदच्या अकराव्या आयतीचा हवाला दिला जातो, समोरची मुले माना डोलावतात, नंतर बिर्याणी होते. दुसऱ्या दिवशी हीच मुले सकाळी दहा वाजता उठतात आणि मोबाईल हातात घेतात.

मुलांना दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. मला प्रश्न भाषण करणाऱ्यांना विचारायचा आहे. मानसिकता बदलायची म्हणजे सोमवारी सकाळी उठून त्या मुलाने नेमके काय करायचे?

त्या आयतीत ‘कौम’ हा शब्द आहे. तिथे एकट्या माणसाची नव्हे, लोकसमूहाची गोष्ट चालली आहे. आपण मात्र ती एकट्या पोराच्या डोक्यावर ठेवून मोकळे होतो. तू विचार बदल, मग तुझी परिस्थिती बदलेल! कौमने स्वतःत काय बदलायचे, हा भाग बयानात येत नाही. तो खर्चाचा भाग आहे, म्हणूनही असेल.

शिवाय त्या मुलाच्या मनातले सगळेच ‘नकारात्मक विचार’ खोटे नसतात. ‘आपल्याला कोण नोकरी देणार’ हे वाक्य साताऱ्यापासून मिरजेपर्यंत कुठल्याही मोहल्ल्यात ऐकू येते. मिरजेत 2009 मध्ये दंगल झाली. सप्टेंबर 2023 मध्ये खटाव तालुक्यातल्या पुसेसावळीत मशिदीवर हल्ला झाला, एका तरुणाचा जीव गेला. त्या गावातल्या पोराला ‘भीती तुझ्या मनात आहे’ असे सांगायला मी तरी जाणार नाही. घर भाड्याने मिळत नाही हाही मनाचा खेळ नसतो. पण याच वाक्याचा दुसराही एक उपयोग होतो. अभ्यास न करण्याचे, आठवीत शाळा सोडून गॅरेजला लागण्याचे ते तयार कारण बनते. खरी अडचण आणि तिची सबब यांची अशी गुंफण झालेली असते की भाषणाने ती सुटत नाही. मग कशाने सुटते? याची उत्तरे याच दोन जिल्ह्यांत आहेत.

लोखंडी नांगराने जमिनीत विष उतरते, असे आपले शेतकरी एके काळी मानत. लक्ष्मणराव किर्लोस्करांचे नांगर त्यामुळे सुरुवातीला खपेनात. ती समजूत व्याख्यान देऊन गेली नाही. कोणीतरी नांगर रानात घातला, पीक आले, शेजाऱ्याने बांधावरून पाहिले. पुढे हेच नांगर विकत गावोगाव फिरणाऱ्यांत भाऊराव पाटील नावाचा एक तरुण होता. स्वतः मॅट्रिकपर्यंतही न पोहोचलेला. बहुजनांची मुले शाळेत का नाहीत, हे त्याने या फिरतीत पाहिले. 1919 मध्ये कराडजवळच्या काले गावी त्याने रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 मध्ये ती साताऱ्याला आणली.

कर्मवीरांवर आपल्याकडे भाषणे खूप होतात, पण त्यांच्या कामातली युक्ती नीट कोणी सांगत नाही. ‘शिक्षण आपले काम नाही’ ही गावाकडच्या पोरांची पक्की समजूत होती. ती समजूत काढत बसण्याऐवजी भाऊरावांनी त्यांना वसतिगृहात आणले. सगळ्या जातिधर्मांची मुले एका छपराखाली. 1927 मध्ये गांधीजींच्या हस्ते त्या वसतिगृहाला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव मिळाले. उठायची वेळ ठरलेली, स्वयंपाक, पाणी आणि झाडलोट आपसात वाटलेली, शेतात राबायचे आणि त्या राबण्यातून शिक्षणाचा खर्च काढायचा. ‘कमवा आणि शिका’ म्हणतात ते हेच. 1947 मध्ये साताऱ्याचे छत्रपती शिवाजी कॉलेजही याच तत्त्वावर उभे राहिले. ज्या मुलाने वर्षभर शेजारच्या जातीच्या मुलाच्या हातची भाकरी खाल्ली आणि स्वतःच्या फीचे पैसे स्वतः कमावले, त्याला स्वतःविषयी काय वाटावे हे वेगळे शिकवायला लागत नव्हते. आधी दिवस बदलला. मन मागून आले.

दुसरे उदाहरण जरा विचित्र वाटेल. औंध संस्थानच्या राज्यात, आज सांगली जिल्ह्यात असलेल्या आटपाडीजवळ, 1930 च्या दशकाच्या अखेरीस स्वतंत्रपूर नावाची कैद्यांची वसाहत वसली. बाळासाहेब पंतप्रतिनिधींचे राज्य आणि मॉरिस फ्रीडमन या पोलंडहून आलेल्या गांधीवादी इंजिनिअरची कल्पना. (सूर्यनमस्काराचा प्रचार करणारे राजे ते हेच. सूर्यनमस्कार घालावेत की नाही यावर आपण महिनोन्‌महिने भांडतो, त्या राजाने जन्मठेपेच्या कैद्यांवर विश्वास टाकला हे मात्र कोणाच्या गावी नसते.) भिंत नाही, कुंपण नाही, बायकामुले सोबत आणि कसायला जमीन. व्ही. शांतारामांचा 1957 चा ‘दो आँखें बारह हाथ’ याच प्रयोगावरून सुचला. कथा माणदेशच्याच गदिमांची. चित्रपटात जेलरच्या डोळ्यांचा धाक दाखवला आहे, ते पडद्यावर शोभते. माझ्या मते खरे काम रोजच्या शेतीने केले असणार. पहाटे पाण्याची पाळी असलेला माणूस स्वतःला गुन्हेगार म्हणवत बसत नाही, त्याला मोटेकडे जायचे असते.

आता आपल्या घरातले उदाहरण, ज्याचा उल्लेख आपल्या सत्कारसमारंभांत मी कधी ऐकला नाही. मिरजेचे शिकलगार. पिढ्यान्‌पिढ्या तलवारी-भाल्यांना धार लावणारे लोक. एकोणिसाव्या शतकात संस्थानांच्या फौजा संपल्या, हत्यारांची मागणी गेली, म्हणजे धंदाच गेला. रडायला यापेक्षा चांगले कारण कुठले? फरीदसाहेब आणि त्यांच्या घरच्यांनी वाद्ये दुरुस्त करायला घेतली, मग बनवायलाही. पंढरपूरच्या बाजूचे भोपळे, तुनीचे लाकूड आणि कानस धरायची सवय असलेले हात. तंबोऱ्याची जवारी काढणे म्हणजे घोडीचा पृष्ठभाग केसाएवढा घासत जाणे, तार छेडून कान लावणे, पुन्हा घासणे. एक घास जास्त झाला की आवाज मेला. हे काम शिकायला वर्षे जातात, आणि ती वर्षे त्यांनी दिली. त्यांचे आडनावच पुढे सतारमेकर झाले. उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, त्या गावात तंबोरा बनवणारे हात तयार होते. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

यात मला दिसते ते असे की शिकलगारांनी जुनी ओळख टाकून दिली नाही. पोलाद घासणारा धीर तोच ठेवला, फक्त तो वेगळ्या वस्तूवर लावला. आणि हे एकट्याने केले नाही. बाप, चुलते, भाऊ, सगळी गल्ली त्यात होती. पोरगा कारखान्यात बसून बघत बघत शिकला. त्याला कोणी ‘आत्मविश्वास वाढवा’ म्हटले असेल असे वाटत नाही.

आपल्या मुलांकडेही असा एक जुना धीर आहे. पाच वेळा घड्याळ पाहून उठणारा, रमजानचा महिनाभर तहान आवरणारा मुलगा शिस्तीला नवखा कसा? थोडे पण नियमित केलेले काम अल्लाहला अधिक आवडते, ही हदीस आपल्या मदरशातल्या लहान पोरालाही ठाऊक असते. तरी परीक्षेच्या आदल्या आठवड्यात रात्र-रात्र जागायचे आणि वर्षभर पुस्तक उघडायचे नाही, हे चालू राहते. कारण नमाजला जागा आहे, वेळ आहे, सोबत आहे. अभ्यासाला यातले काहीच नाही. दोन खोल्यांचे घर, टीव्ही चालू, धाकटी भावंडे अंगावर. अशा घरातल्या मुलाला सकारात्मक विचार करायला सांगणे म्हणजे त्याची थट्टा आहे.

म्हणून माझे म्हणणे अगदी छोटे आहे. फजरनंतर मशिदीला कुलूप लागते. शादीखाना वर्षातले बरेच दिवस रिकामा असतो. यांतली एक जागा सकाळी दीड तास आणि मगरिबनंतर दीड तास उघडी ठेवायची. शिकवणी नको, भाषण तर नकोच. सतरंजी, उजेड, पाणी आणि हजेरीची वही. निवृत्त शिक्षक प्रत्येक मोहल्ल्यात एखादे असतातच, त्यांनी नुसते बसायचे. मुलींसाठी वेगळी वेळ ठेवा किंवा वेगळी खोली, पण त्यांना वगळू नका. आपल्याकडे शिकण्याची जिद्द आज मुलींतच जास्त दिसते. झाडलोट आणि चटया घालणे मुलांनीच करायचे, तेही पाळीने. पहिले दोन महिने निम्मी मुले मोबाईल बघतील. बघू द्यावीत, पण हजेरी चुकू देऊ नये.

यंदा जूनमध्ये शाळा उघडतात तेव्हा सुरू केले तर दिवाळीपर्यंत कळेल किती मुले टिकली. गुणवंतांचा सत्कार तेवढा पुढची दोन वर्षे बंद ठेवावा. हार, फेटे, मंडप, बिर्याणी यांचा खर्च ट्यूबलाइटच्या बिलाला आणि सकाळच्या चहाला पुरून उरेल.