गाणे ऐकायला जाताना

डिसेंबर महिना उजाडला की पुण्यातील संगीतप्रेमी मंडळींना सवाई गंधर्व महोत्सवाचे वेध लागतात. गुरू सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ पंडित भीमसेन जोशी यांनी १९५३ साली हा महोत्सव सुरू केला. २०११ साली पंडितजींचे निधन झाल्यावर त्यांचेही नाव महोत्सवाला जोडले गेले. हजारो माणसे एका मांडवाखाली शांतपणे बसून गाणे ऐकतात, ही आपल्या समाजाला भूषणावह अशीच गोष्ट आहे. परंतु विज्ञानाच्या विद्यार्थ्याने येथे एक साधा प्रश्न विचारावयास हवा. ही हजारो माणसे मांडवापर्यंत येतात कशी?

मोठ्या महोत्सवांचा पर्यावरणावर कोणता भार पडतो, असे विचारले तर बहुतेक जण ध्वनिवर्धक, झगमगते दिवे, प्लॅस्टिकचे पेले यांची नावे घेतील. ही उत्तरे चुकीची नाहीत. मात्र देशोदेशींच्या महोत्सवांचे हिशोब मांडले गेले, तेव्हा पुष्कळ ठिकाणी सर्वांत मोठा वाटा श्रोत्यांच्या प्रवासाचाच असल्याचे आढळले. दिवे सर्वांचे मिळून असतात. वाहन मात्र ज्याचे त्याचे वेगळे असते.

याचा हिशोब आपणच करून पाहू. एक लिटर पेट्रोलचे वजन सुमारे ७४० ग्रॅम असते. त्यात कार्बन सुमारे ६३० ग्रॅम. जळताना १२ ग्रॅम कार्बन हवेतील ३२ ग्रॅम ऑक्सिजनशी संयोग पावतो आणि ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड तयार होतो. म्हणजे ६३० ला ४४ ने गुणून १२ ने भागले की उत्तर येते २३१० ग्रॅम. पाऊण किलो पेट्रोलमधून सव्वादोन किलोहून अधिक वायू बाहेर पडतो, याचे नवल वाटते. पण त्यातील बरेचसे वजन हवेतल्या ऑक्सिजनचे असते.

आता समजा, एक गृहस्थ चिंचवडहून मुकुंदनगरच्या मांडवात येतात. जाऊन येऊन ४० किलोमीटर धरू. लिटरला १५ किलोमीटर जाणाऱ्या मोटारीतून ते एकटे आले, तर सुमारे ६ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जाईल. त्याच मोटारीत चौघे बसले, तर माणशी दीड किलो. लिटरला ४५ किलोमीटर जाणाऱ्या दुचाकीवरून दोघे आले, तर माणशी एक किलो. डिझेलची बस लिटरला ४ किलोमीटर जाते असे धरले, तर तिला १० लिटर डिझेल लागेल आणि २७ किलो वायू निघेल. मात्र बसमध्ये ५० माणसे असतील तर माणशी फक्त अर्धा किलो! हजार माणसे हजार मोटारींतून आली तर एका दिवसाला सहा टन, आणि तीच माणसे वीस बसगाड्यांतून आली तर साधारण अर्धा टन. सायकलने किंवा पायी येणाऱ्याला इंधनच लागत नाही.

या हिशोबात आणखी एक धडा आहे. त्याच बसमध्ये पाचच माणसे असतील, तर माणशी साडेपाच किलो वायू निघतो, म्हणजे जवळजवळ एकट्याच्या मोटारीइतकाच. तेव्हा बस सुरू केली एवढ्याने भागत नाही, ती भरली पाहिजे. मेट्रोचेही तसेच. पोलादी रुळांवर पोलादी चाकांना घर्षण कमी होते, त्यामुळे शक्ती वाचते. पण तिला लागणारी वीज आपल्याकडे अजून बरीचशी कोळशापासून तयार होते. गाडी भरून धावली तरच तिचा खरा फायदा.

कार्बन डायऑक्साइड डोळ्यांना दिसत नाही; धूर मात्र दिसतो. हिवाळ्यात रात्री जमीन लवकर थंड होते, तिला लागून असलेली हवाही थंड होते आणि वर उबदार हवेचा थर राहतो. हा थर झाकणासारखे काम करतो. डोंगरांनी वेढलेल्या पुण्यासारख्या शहरात धूर त्याखाली कोंडून राहतो. त्यात ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धक लावण्यावर सर्वसाधारण बंदी आहे. त्यामुळे मैफल संपताच शेकडो इंजिने एकाच वेळी सुरू होतात. ती कित्येक तास उभी राहून गार झालेली असतात. धूर शुद्ध करणारे उत्प्रेरक यंत्र सुमारे ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापल्याशिवाय नीट काम करीत नाही. म्हणजे पहिली काही मिनिटे सर्वांत घाण धूर निघतो, आणि तो नेमका गाणे ऐकून बाहेर पडणाऱ्यांच्या व शेजारच्या वस्तीच्या छातीत जातो.

यावर काही जण म्हणतील, "वृद्ध श्रोत्यांनी काय सायकलवरून यावे? तंबोरे घेऊन कलावंतांनी बसमध्ये चढावे?" आक्षेप रास्त आहे. ज्यांना मोटारीवाचून गत्यंतर नाही, त्यांच्यासाठी मांडवाजवळची जागा राखून ठेवावी. इतर धडधाकट मंडळींनी ती अडवू नये, एवढेच मागणे आहे. रात्री दहानंतर मुलींनी, स्त्रियांनी एकटे घरी कसे जावे, हा प्रश्न तर अधिकच महत्त्वाचा आहे. म्हणूनच केवळ श्रोत्यांना उपदेश करून चालणार नाही. माणूस गाण्याला कसा येईल, हे तो परत कसा जाणार यावर ठरते. शेवटची बस निघून गेली असेल, तर कितीही पर्यावरणप्रेमी मनुष्य स्वतःचेच वाहन काढील.

माझ्या मते आयोजकांनी गायक-वादकांइतकाच श्रोत्यांच्या परतीचाही विचार कार्यक्रमपत्रिकेत करावा. जर्मनीत अनेक कार्यक्रमांचे तिकीट हेच शहरातील बस व रेल्वेचेही तिकीट असते. इंग्लंडमधील ग्लॅस्टनबरी महोत्सवासाठी कॅसल केरी या रेल्वे स्थानकापासून तिकीटधारकांना मोफत बस मिळते. पुण्यात सप्टेंबर २०२४ मध्ये मेट्रो स्वारगेटपर्यंत आली, आणि मुकुंदनगर तेथून फार दूर नाही. स्थानक ते मांडव अशा लहान बसगाड्या, शेवटच्या सुरानंतर अर्ध्या तासाने सुटणारी मेट्रो, उजेडाचा पदपथ आणि सायकलींसाठी राखणदार असलेली जागा, एवढ्या चार गोष्टी तरी हव्यात. एका मोटारीच्या जागेत आठ-दहा सायकली सहज मावतात. याचा खर्च तिकिटात थोडा मिळवला, तरी श्रोते कुरकुर करणार नाहीत असे वाटते.

गाणे आणि पायी प्रवास यांचे आपल्याकडे जुने नाते आहे. आळंदीहून पंढरपूरला जाणारी दिंडी टाळ-मृदंगाच्या तालावर चालते. तेथे वाट हीच मैफल असते.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला एवढ्या मोठ्या महोत्सवापर्यंत जाण्याचीही गरज नाही. तुमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला येणाऱ्या प्रत्येकाला दारातच तीन प्रश्न विचारा : किती अंतरावरून आलात, कोणत्या वाहनाने आलात, त्यात किती जण होते? वरच्या आकड्यांनी गुणाकार-भागाकार करा आणि उत्तर दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहा. शिक्षकांनी तो तक्ता पुढच्या वर्षीपर्यंत जपून ठेवावा. दुसऱ्या वर्षी तोच हिशोब पुन्हा मांडावा, आणि बेरीज कमी झाली की नाही ते सर्वांना सांगावे.