निवेदकांची मोजदाद

मराठी कादंबरीच्या अभ्यासात ‘बहुस्वरता’ ही संज्ञा आता इतकी सैल झाली आहे की, एकाहून अधिक निवेदक दिसले की ती बहाल केली जाते. नाशिकमध्ये प्रबंधिका तपासताना मला निवेदकांचे कोष्टक हटकून भेटते : प्रकरण, निवेदक, पृष्ठे. कोष्टक बिनचूक असते. त्यावरचा निष्कर्ष मात्र बाख्तीनच्या नावावर खपवलेला असतो.

बाख्तीनने ही संकल्पना दस्तयेव्हस्कीवरील ग्रंथात (१९२९, सुधारित आवृत्ती १९६३) मांडली. तेथे विवेचनास घेतलेली ‘गुन्हा आणि शिक्षा’ तृतीयपुरुषी निवेदनात आहे. आईचे पत्र वाचून रास्कोल्निकोव्ह रस्त्याने एकटाच निघतो, तेव्हा आईचे, दुन्याचे, लूझिनचे शब्द त्याच्या स्वगतात शिरून भांडू लागतात. बोलणारा एक, स्वर अनेक. उलट ल्युद्मिला उलित्स्काया यांची ‘दानिएल श्टाइन, दुभाषी’ (२००६) पत्रे, संभाषणे आणि कागदपत्रे यांनी रचलेली आहे. खुद्द लेखिकेची पत्रेही तीत आहेत. तरी माझ्या वाचनात ही बहुतेक तोंडे एकाच सत्पुरुषाची साक्ष देतात, आणि त्याचे विरोधकही त्याला मोठेच करतात. साक्षीदार वाढल्याने निकाल बदलत नाही.

आपल्याकडे वामन मल्हार जोशी यांची ‘इंदू काळे व सरला भोळे’ ही पत्रात्मक कादंबरी याच कसोटीवर पाहावी. कला व नीती यांवर पत्रलेखकांचे मतभेद खरे आहेत. पण वाक्याचा घाट आणि विनोदाची मर्यादा जवळपास एकच. मतांतर विपुल, स्वरांतर थोडे. (ती कादंबरी मी थोर मानतो; पण ते वेगळ्या कारणांनी.)

आता नाशिकजवळच्या विहितगावचे बाबुराव बागूल. ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या संग्रहाच्या शीर्षककथेचा निवेदक एकच, प्रथमपुरुषी. पण रेल्वेच्या नोकरीत जात लपवून वावरणाऱ्या या माणसाचे साधे उत्तरही दोन दिशांना तोंड करून असते : एक विचारणाऱ्याकडे, दुसरे त्याने न विचारलेल्या, पण कोणत्याही क्षणी विचारील अशा प्रश्नाकडे. परक्याचा शब्द उच्चारला जाण्यापूर्वीच याच्या वाक्याला वाकवतो. बाख्तीन ज्याला द्विस्वरी शब्द म्हणतो, त्याचे याहून नेमके उदाहरण मराठीत मला ठाऊक नाही. त्यातच जात न लपवणारा काशीनाथ समोर उभा राहतो, आणि निवेदकाचे गप्प राहणेही मग एक उत्तर ठरते. ही कथा आहे, कादंबरी नव्हे, हा आक्षेप कोणी घेईल. बाख्तीनला शब्दाचे वर्तन महत्त्वाचे होते. ते पृष्ठसंख्येवर ठरत नाही.

मोजदादीची ही रीत निरुपद्रवी असती, तर मी लेखणी उचलली नसती. तिचा परिणाम असा की, दलित साहित्यातील ‘मी’ आपोआप एकस्वरी ठरतो. त्याची रवानगी ‘अनुभवकथन’ या खान्यात होते, आणि रचनेचा विचार इतरांच्या कादंबऱ्यांसाठी राखून ठेवला जातो. ज्याला दिवसभर दुसऱ्याच्या कानाने स्वतःचे बोलणे ऐकावे लागते, त्याच्या भाषेत अनेक स्वर नसतील तर कोणाच्या असतील?

गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीने बागूल आपल्या अभ्यासातून वगळले होते. कारण विचारता तिने कोष्टकातला रकाना दाखवला : ‘निवेदक : १’. तो रकाना तिला आम्हीच आखून दिला होता.