ज्याचा माल, त्याचा हमाल!

"ट्रकमधला माल कुणी उतरवायचा?" हा प्रश्न मेसच्या टेबलावर टाकून बघा. बहुतेक जण ताटातून मान वर न करता सांगतील, "ड्रायव्हर-क्लीनर उतरवतील की! भाडं कशाचं घेतात मग?"

मित्रांनो, माझं म्हणणं नेमकं याच्या उलट आहे. भाडं घेतात ते माल एका गावाहून दुसऱ्या गावी नेण्याचं. गाडी दारात लागली, ताडपत्री सोडली, की ड्रायव्हरचं काम संपलं. पुढचं काम ज्याचा माल आहे त्याचं.

आपण भंडारा जिल्ह्यात राहतो, तेव्हा हा प्रश्न आपल्याला परका वाटू नये. पूर्वीचा एनएच ६ आणि आताचा ५३, म्हणजे आपला मुंबई-कोलकाता हायवे, भंडारा, लाखनी, साकोली असा जिल्ह्याच्या पोटातून जातो. तुमसर-मोहाडीकडचं धान, राईस मिलचा तांदूळ, चिखला आणि डोंगरी बुजुर्गचं मँगनीज, वरठीचं पोलाद... सगळ्याला कुठे ना कुठे ट्रक लागतोच. सरकारी धानखरेदी सुरू झाली की धान मिलकडे आणि तांदूळ गोदामाकडे अशी ये-जा सुरू होते. १ क्विंटल धानामागे ६७ किलो साधा तांदूळ जमा करायचा, हे भरडाईचं गणित मिलवाल्यांना तोंडपाठ असतं. पण ते कट्टे उतरवणार कोण आणि त्याचे पैसे देणार कोण, हे गणित मात्र ऐनवेळी ड्रायव्हरच्या पाठीवर सोडवलं जातं.

कसं ते सांगतो. ट्रकवाल्यांच्या बोलण्यात एक शब्द येतो, वाराई. माल चढवण्या-उतरवण्याची मजुरी ट्रकवाल्याच्या गळ्यात मारायची, तिचं हे नाव. भाडं ठरवताना याबद्दल कुणी स्पष्ट बोलत नाही. गाडी पोचल्यावर मुनीम सांगतो, "हमाली तुमच्याकडे." आता ड्रायव्हरच्या खिशात असतो गाडीमालकाने दिलेला जेवणाखाण्याचा भत्ता. तो हमालीत गेला तर जेवण गेलं. नाही दिला तर गाडी उभी. आणि गाडी उभी राहिली की मालकाचा फोन, "अजून तिथंच आहेस?" मग ड्रायव्हर आणि क्लीनर शर्ट काढतात आणि कट्टे पाठीवर घेतात. वर आपणच म्हणायचं, "त्यांनी स्वखुशीने केलं." वा रे स्वखुशी!

जरा आपल्या पद्धतीने हिशेब करू. १० टन तांदूळ म्हणजे ५० किलोचे २०० कट्टे. दोघांनी निम्मे-निम्मे वाटून घेतले तरी एकेकाच्या पाठीवरून ५ टन गेले. आधी रात्रभर स्टिअरिंग, मग ५ टन, आणि संध्याकाळी परत स्टिअरिंग! आपण लॅबमध्ये पोलादाच्या तुकड्याचं फटीग टेस्टिंग करतो, एस-एन कर्व्ह काढतो. लोखंडाला थकवा येतो हे आपल्याला मान्य आहे. माणसाला येतो हे मात्र विसरतो. आणि डोळ्यावर झापड आलेल्या माणसाचा तो ट्रक त्याच हायवेवर धावतो, जिथून आपण रविवारी बाइकवर डबलसीट जातो. म्हणजे प्रश्न फक्त त्याच्या कमरेचा नाही, आपल्या जिवाचाही आहे.

रेल्वेचं बघा. तुमसर रोडला मालगाडी लागली तर इंजिन ड्रायव्हरला "खाली उतर आणि वॅगन रिकामी कर" असं कुणी म्हणेल का? वॅगनभर माल असेल तर तो भरणं-उतरवणं हे पार्टीचं काम. त्यासाठी ठरावीक मोकळा वेळ मिळतो. त्यात वॅगन रिकामी झाली नाही तर रेल्वे डेमरेज लावते. पार्टी मुकाट्याने भरते. मग तोच नियम रबरी चाकांना का नको?

कायद्यालाही हे अगदीच सुचलं नव्हतं असं नाही. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तास ही मर्यादा घातली होती. सलग ५ तासांच्या आत अर्धा तास विश्रांतीही सांगितली होती. हा कायदा आता नव्या कामगार संहितेत सामावला गेला आहे आणि ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. पण रात्री दोन वाजता ढाब्यावर घड्याळ लावून बसणार कोण? बाहेर काही देशांनी थेट मुद्द्यालाच हात घातला. स्पेनने २०२२ पासून साडेसात टनांवरच्या गाड्यांच्या ड्रायव्हरला, काही अपवाद सोडले तर, माल चढवण्या-उतरवण्यास मनाई केली. अमेरिकेत आंतरराज्य वाहतुकीत माल पाठवणाऱ्याने किंवा घेणाऱ्याने मदतनीस लावायला सांगितलं, तर त्याचा खर्च त्यानेच द्यायचा, असा कायदा आहे.

आता उलट बाजू. कुणी म्हणेल, "छोटा हत्तीवाला स्वतः सामान उतरवतोच ना?" उतरवतो, बरोबर आहे. पण तो भाडं सांगतानाच "उतरवून देण्याचे इतके" असं बोललेला असतो. माझा विरोध घाम गाळण्याला नाही, न ठरवता फुकट गाळायला लावण्याला आहे.

व्यापारी म्हणतात, हमाल वेळेवर मिळत नाहीत, दर मनमानी सांगतात, काही ठिकाणी तर माथाडीच्या नावाखाली दादागिरी चालते. दादागिरी होत असेल तिथे पोलीस आहेत. पण त्या भांडणाचं बिल ड्रायव्हरच्या नावाने कशासाठी फाडायचं?

आणि हमाल? इथे मला जास्त सावध बोलायचं आहे. "ज्याचा माल, त्याचा हमाल" ही घोषणा सांगली-कोल्हापूरकडच्या ट्रकवाल्यांनी गाजवली. ती हमालाच्या विरोधात वाचायची नाही. वाराईच्या पद्धतीत दोन गरीब माणसं शंभर रुपयांवरून एकमेकांची गचांडी धरतात आणि मालाचा धनी पंख्याखाली बसून बघतो. खरं तर हमालाला त्याचे दाम मिळालेच पाहिजेत, तेही पूर्ण! अण्णासाहेब पाटलांनी माथाडींना संघटित केलं आणि १९६९ मध्ये महाराष्ट्रात माथाडी कायदा आला. काम देणाऱ्याने मजुरी आणि वर लेव्ही मंडळाकडे भरायची, त्यातून हमालाला प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी मिळायची, अशी ती रचना. पुण्यात हमाल पंचायत उभी करणारे बाबा आढाव डिसेंबर २०२५ मध्ये गेले. त्यांनीही आयुष्यभर हेच सांगितलं की ओझं वाहणारा हा कामगार आहे, त्याला कामगाराचे हक्क द्या. ड्रायव्हरने फुकट कट्टे उतरवले तर हमालाचीही रोजी बुडते. म्हणजे दोघांचं हित एकाच बाजूला आहे.

हे सगळं इंजिनिअरिंगच्या मासिकात कशाला, असं कुणी विचारेल. तर ऐका. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकना एसी केबिन सक्तीची झाली. ड्रायव्हरला उकडू नये हा विचार झाला, फार चांगलं झालं. पण केबिनमधून उतरल्यावर त्याच्या पाठीवर काय येतं, हे ठरवणारी माणसं आपल्यातूनच निघणार आहेत. उद्या कुणी स्टोअर्सला लागेल, कुणी डिस्पॅचला, कुणी घरची मिल सांभाळेल. गेटपासवर सही आपली असेल.

तेव्हा फार मोठं काही नको. भाडं ठरवतानाच उतराई कुणाकडे ते लिहा. गाडी किती तास फुकट उभी राहील आणि पुढे हॉल्टिंग किती, तेही लिहा. ड्रायव्हरसाठी एक नळ, एक संडास आणि सावलीत बाज टाकायला जागा ठेवा. मेकॅनिकलवाल्यांनी एखादं वर्ष रोबोट बाजूला ठेवून गावातल्या मिलला परवडेल असा साधा रोलर कन्व्हेयर प्रोजेक्टला घ्यावा. त्याने हमालाचीही कंबर वाचेल. आणि प्राध्यापक मंडळींना एक नम्र विनंती, आपल्या मेसच्या तांदळाच्या ऑर्डरमध्येही "उतराई आमच्याकडे" हे दोन शब्द घालून टाका.

बिल्टीवर एक ओळ वाढवायला अशी कितीशी शाई लागते?