बेल्ट गेला, वॉकमन आहे

माळ्यावरचा वॉकमन खाली काढतात, सेल घालतात, बटण दाबतात. नुसती घरघर येते, चाकं फिरत नाहीत. मग तो भंगारात जातो. मला याचं फार वाईट वाटतं. घरघर येते म्हणजे मोटर जिवंत आहे. गेलेला असतो तो बहुधा रबरी बेल्ट, मोटरची गती फ्लायव्हीलपर्यंत नेणारा.

सोनीने पहिला वॉकमन १ जुलै १९७९ रोजी जपानात विकायला आणला. पुढे आखातात नोकरीला गेलेल्या मामा-काकांच्या बॅगांतून असे कितीतरी प्लेअर आपल्याकडे आले. त्यांतल्या अनेकांचे बेल्ट पॉलियुरेथेनचे असतात. हवेतला ओलावा ते हळूहळू मोडतो आणि शेवटी त्यांचा डांबरासारखा चिकट काळा लगदा होतो. मुंबई-कोकणच्या हवेत हे व्हायचंच.

उघडायला बारीक फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर लागतो आणि भरपूर सवड. चिकटा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने पुसायचा. पुलीच्या खाचेत कण उरला तर नवा बेल्ट तिथे दर फेरीला उडी मारतो, म्हणून या कामात घाई नको. जुन्या बेल्टचं माप मिळत नसेल तर त्याच्या वाटेने दोरा फिरवून लांबी मोजावी आणि बेल्ट त्याहून साधारण पाच टक्के आखूड घ्यावा. बेल्ट आणायला मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जाताना हे माप खिशात असू द्या. टेप वाचणारं हेड आणि ती ओढणारा पिंच रोलरही त्याच बैठकीत पुसून घ्यावेत.

सेल पाझरले असतील तर आधी ते कोणते होते ते पाहा. अल्कलाइनची पांढरी बुरशी व्हिनेगरने जाते. साध्या झिंक-कार्बन सेलची मळी आम्लधर्मी, तिला खाण्याचा सोडा.

खरी परीक्षा वेगाची. टेप सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकली पाहिजे. मोटरजवळच्या छोट्या स्क्रूने वेग कमीजास्त होतो. तो जुळवताना ढोलकीचं गाणं लावू नये, त्यात डगमग लपते. पेटीचा किंवा सनईचा लांब सूर लावावा. तो जरा जरी हेलकावला तरी कान लगेच सांगतो. हेडशेजारचा स्क्रू मात्र, आवाज दबलेला नसेल तर, हलवू नये. हेड टेपला ज्या कोनात टेकतं तो कोन त्यावर ठरतो.

ही मेहनत मी गाण्यांसाठी करायला सांगत नाही. बाजारातली बरीच गाणी आता फोनवर मिळतात. पण आजीने म्हटलेल्या ओव्या, मुंजीत कुणीतरी भरून घेतलेला गोंधळ, परदेशातल्या मुलाला पत्राऐवजी पाठवलेली कॅसेट, यांची दुसरी प्रत कुठेच नसते. म्हणून दुरुस्त झालेल्या प्लेअरमध्ये पहिली कॅसेट बिनमहत्त्वाची घाला. दोन्ही बाजू टेप न गुंडाळता वाजल्या, की मग घरची कॅसेट लावा, हेडफोनच्या भोकातून वायर संगणकाला जोडा आणि त्याच फेरीत ती भरून घ्या.