आधी आठ दिवस हात लावायचा नाही

जयपूरच्या एका मराठी ताईंचा मेसेज आला. मुलगा अकरावीत. वर्षभर हट्ट करून त्याने दिवाळीत साप घरी आणला. बॉल पायथन, म्हणजे आफ्रिकेतला लहान अजगर, अडीच फुटी, बिनविषारी. पहिल्याच संध्याकाळी मुलाचे मित्र, शेजारी, पुण्याहून आलेली आत्या, सगळ्यांनी त्याला हातात घेऊन फोटो काढले. तेव्हापासून तीन आठवडे झाले. साप खोक्यातून बाहेर येत नाही, काही खात नाही आणि हात पुढे केला की फुसकारतो. "आमचं काही चुकलं का?" ताई विचारतात.

चुकलं, ताई. पण सावरता येईल.

मी आधी त्यांना कागदांचं विचारलं. तुमच्याही घरात कोणी असा हट्ट धरून बसलं असेल, तर सुरुवात तिथूनच करा. नाग, धामण, मांडूळ किंवा आपला अजगर घरी ठेवणं हा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. शेतात सापडला, कोणी फुकट दिला, ही सबब चालत नाही. बॉल पायथन परदेशी असला तरी त्याच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत. २०२४च्या नियमांनुसार अशा प्राण्याची नोंदणी सरकारच्या 'परिवेश' पोर्टलवर करावी लागते. विकणारा कागद देत नसेल तर तिथूनच परत फिरा. ताईंकडे नोंदणी आहे, म्हणून पुढचं बोलता येतं.

आता सापाच्या बाजूने बघू. रानात हा प्राणी दिवसभर उंदरांच्या बिळात किंवा वारुळात पडून असतो. घाबरला की डोकं आत घेऊन चेंडूसारखं वेटोळं करतो, नावातला 'बॉल' तिथूनच आला. त्याला उचलणारं जे काही असतं, ते सहसा त्याला खाणारं असतं. नवा वास, नवा उजेड, आणि त्यात दहा जणांचे हात! तो रागावलेला नाही. जीव मुठीत धरून बसलाय.

म्हणून पहिले आठ-दहा दिवस फक्त पाणी बदलायचं, घाण काढायची आणि बाजूला व्हायचं. पेटीवर टकटक नाही, फोनचा फ्लॅश नाही. आत लपायला दोन जागा हव्यात, एक उबदार टोकाला, एक गार टोकाला. त्या ऐसपैस नकोत. अंग चहूबाजूंनी टेकेल एवढ्याच असाव्यात, मगच त्याला सुरक्षित वाटतं. एकच जागा दिली तर ऊब की सुरक्षितता, यातलं एक त्याला सोडावं लागतं.

जयपूरमध्ये खरी परीक्षा हवेची आहे. त्याला गरम बाजूला ३१-३२ अंश आणि गार बाजूला २५-२६ अंश लागतात, हवेत ओलावा ६० टक्क्यांच्या आसपास. तुमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ला टेकतो आणि जानेवारीच्या रात्री स्वेटरवर शाल घ्यावी लागते. थंडीत साप अन्न पचवू शकत नाही, खाल्लेलं ओकून टाकतो. पेटीखाली हीटिंग मॅट लावा, पण थर्मोस्टॅटशिवाय अजिबात नको. सापाला पोटाखालचा चटका वेळेवर कळत नाही आणि तो भाजून निघतो. वीज गेल्यावर काय करायचं तेही आधी ठरवा. खोलीतला रूम हीटर हवा कोरडी करतो, तेव्हा पाण्याचं भांडं मोठं ठेवा आणि एका डब्यात ओलसर शेवाळ घाला. उन्हाळ्यात मात्र तुमचा वाळ्याच्या ताट्यांचा कूलर माणसांबरोबर सापाच्याही कामाला येईल. फक्त वारा थेट पेटीवर नको.

खाण्याचा प्रश्न ताईंनी जरा चाचरत विचारला. घर शाकाहारी आहे. तर सांगते, दूध, पनीर, अंडं यातलं काही चालणार नाही. त्याला उंदीरच लागतो, आणि पिल्लाला साधारण आठवड्याला एक. गोठवलेला उंदीर कोमट पाण्यात ठेवून पूर्ण सैल आणि उबदार करायचा आणि लांब चिमट्याने द्यायचा. जिवंत उंदीर सोडू नका, तो कोपऱ्यात सापडला की सापालाच चावतो. आमरसाच्या डब्याशेजारी हे ठेवायला कोणी तयार होणार नाही, तेव्हा वेगळा छोटा फ्रीझर घ्यावा लागेल. हा प्राणी वीस-तीस वर्षं जगतो. मुलगा शिकायला बाहेर गेला की उंदीर कोण गरम करणार, हे आजच जेवणाच्या टेबलावर ठरवा. मला विचाराल तर यावर घरात एकमत नसेल तर साप आणूच नये.

तीन आठवड्यांचा उपास एवढ्यात घाबरण्यासारखा नाही. नव्या घरात बॉल पायथन असं करतात. दर आठवड्याला वजन करा. ते उतरत चाललं, किंवा तोंड उघडं ठेवून श्वास घेऊ लागला, तर सापांवर उपचार केलेला पशुवैद्य गाठा. खरं तर त्याचा नंबर साप आणण्याआधीच फोनमध्ये हवा.

मग हातात कधी घ्यायचं? लागोपाठ दोन-तीन वेळा नीट खाल्ल्यावर. जेवणानंतर दोन दिवस नाही. डोळे दुधाळ निळसर झाले, म्हणजे कात टाकायची वेळ आली, तेव्हाही नाही. आधी हात साबणाने धुवा, उंदराचा वास असलेला हात म्हणजे त्याच्या लेखी जेवण. वरून झडप घालू नका, घार तसंच करते. बाजूने हळू हात न्या, गुंडाळलेल्या कागदाने अंगाला हलकेच स्पर्श करून 'जेवण नाही' हे कळवा आणि अंगाच्या मधल्या भागाखाली दोन्ही हात देऊन उचला. डोकं धरायचं नाही. जमिनीवर बसा, त्याला एका हातावरून दुसऱ्या हातावर सरकू द्या. पहिल्यांदा पाच मिनिटं, आठवड्यातून दोनदा. मान इंग्रजी एस अक्षरासारखी मागे घेतली तर थांबा. चावलाच तर हात हिसडू नका, दात आत वळलेले असतात.

शांत बसण्याची ताकद आपल्याकडे एका माणसाने दाखवली आहे. साप उगाच चावत नाही, हे पटवून द्यायला १९८० साली पुण्यात नीलिमकुमार खैरे ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास राहिले. कात्रजचं सर्पोद्यान त्यांनीच पुढे उभं केलं. (तुमच्या मुलाला हा प्रयोग करायला सांगत नाहीये, ताई!)

जयपूरकरांनी पुंगीपुढे डोलणारा नाग पाहिलेला असतो, म्हणून साप माणसाळतो असं वाटतं. तो नाग पुंगीची हालचाल डोळ्यांनी टिपत असतो, सावधपणे. टोपलीतल्या नागांचे दात अनेकदा काढलेले असत, आणि तहानेने व्याकूळ झालेला नाग पुढे आलेलं दूधही पितो. बॉल पायथनही तुमच्या मुलावर कुत्र्यासारखी माया करणार नाही. हा हात धोक्याचा नाही, एवढं तो शिकेल. मुलाला हे आत्ताच सांगा, नाहीतर सहा महिन्यांनी हिरमोड होईल.

हाताळल्यावरही सगळ्यांनी हात धुवायचे, सापांच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात. पाच वर्षांखालच्या मुलांच्या हाती देऊ नका. पेटीच्या झाकणाला कडी हवीच. अडीच फुटी साप फटीतून निघून सोफ्यात शिरला, तर अख्खा सोफा उसवावा लागतो.

तर ताई, आजपासून कॅलेंडरवर खूण करा आणि पेटीच्या तीन बाजूंना जाड कागद लावा. आत्या मे महिन्यात पुन्हा येणार म्हणालात. त्यांना फोटो काढू द्या, पण या वेळी सापाला पेटीतच राहू दे.